टर्बो गाडीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घरीच 'पोर्ट' करता येतं का? कळंब्याच्या पडवीत काय जमतं, काय नाही

कळंबा म्हटलं की बाहेरच्या माणसाला जेल आठवतं आणि कोल्हापूरकराला तलाव. इंजिनाचं वेड असलेल्या पोराला मात्र कळंबा रोडवरची शासकीय आयटीआय आठवते. फिटर, टर्नर, मोटर मेकॅनिक असले ट्रेड शिकायचे आणि मग उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव गाठायचं, हा इथला जुना रस्ता. त्यामुळे या भागात एखाद्या घरामागच्या पडवीत व्हाइस, कानशींचा डबा आणि पेन्सिल ग्राइंडर सापडला तर कुणाला नवल वाटत नाही.

अशा पडवीत मोबाईलवर एक रील येतो. कुणीतरी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या भोकात ग्राइंडर घालून ठिणग्या उडवतोय, आतला भाग आरशासारखा चमकतोय आणि खाली लिहिलंय की गाडीची ताकद वाढली. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हत्यार आपल्याकडे आहे, गाडी टर्बो आहे, मग रविवारी आपणच का करू नये?

काम घरी होऊ शकतं, हे खरं आहे. पण रीलमध्ये जे दाखवतात त्यातला अर्धा भाग निरुपयोगी असतो, आणि जो भाग दाखवत नाहीत तो चुकला तर टर्बो जातो.

मॅनिफोल्ड करतं काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. चार सिलिंडर असतील तर हेडला चार तोंडं. या चारही तोंडांतून आलेला वायू एकत्र करून पुढे नेणारा, हाताच्या बोटांसारखा दिसणारा जो जड भाग असतो, ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. साध्या गाडीत तिथून वायू सायलेन्सरच्या पाइपाकडे जातो. टर्बो गाडीत मात्र तो आधी टर्बोच्या टर्बाइनवर आदळतो, ते चाक फिरवतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. छोट्या गाडीच्या टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'पोर्टिंग' म्हणजे या मॅनिफोल्डच्या आतल्या वाटा घासून गुळगुळीत करणं, जिथे उंचवटा किंवा कड वायूच्या आड येते तिथे ती काढणं, आणि हेड, मॅनिफोल्ड व टर्बो यांची तोंडं एकमेकांशी जुळवणं. बाहेरून काहीच दिसत नाही. सगळं काम आत.

कोल्हापूरला हे काम नवीन नाही

मॅनिफोल्ड बहुतेक वेळा बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. आणि बीडाचं ओतकाम हा कोल्हापूरचा पोटापाण्याचा धंदा आहे. ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांपासून सुरू झालेल्या इथल्या फौंड्र्या आज देशभरातल्या वाहन कंपन्यांसाठी कास्टिंग करतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फिरलं तर भट्टी आणि फेटलिंगचे आवाज ऐकू येतातच.

मॅनिफोल्डच्या आतली पोकळी तयार होते ती वाळूच्या कोअरमुळे. राळ मिसळलेल्या वाळूचा कोअर साच्यात ठेवतात, त्याच्याभोवती वितळलेलं लोखंड ओततात, धातू थंड झाला की कोअर फोडून काढतात. राहिलेली पोकळी म्हणजे वायूची वाट. यातून दोन गोष्टी घडतात. एक, आतल्या भिंतीवर वाळूचा खरखरीतपणा उमटतो आणि कोअरचे दोन भाग जिथे जुळले तिथे धातूची बारीक कड राहते. दोन, ओतताना कोअर किंचित सरकला तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, आणि घरी काम करणाऱ्याचा घात तीच करते.

कास्टिंगवरच्या असल्या कडा घासून काढण्याच्या कामाला फौंड्रीत फेटलिंग म्हणतात. पोर्टिंग म्हणजे एका अर्थी आतून केलेलं, जास्त सावकाश आणि जास्त डोकं लावून केलेलं फेटलिंगच. फरक एवढाच की फेटलिंगवाल्याला ड्रॉइंग मिळतं आणि बिघडलेला नग भट्टीत परत टाकता येतो.

टर्बो आला की गणित बदलतं

'भोक मोठं केलं की वायू सुटसुटीत जाईल' हा सरळ विचार टर्बो गाडीत उलटा पडू शकतो.

टर्बोचा शोध लावणारे स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं. पण त्यांचं खरं यश १९२० च्या दशकात आलं, जेव्हा त्यांनी मॅनिफोल्डच्या आकाराकडे लक्ष दिलं. सिलिंडरमधून वायू नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. एक्झॉस्ट वाल्व्ह उघडताक्षणी दाबाची एक लाट सुटते. त्या लाटेचा जोर मोठ्या पोकळीत विरघळू न देता टर्बाइनपर्यंत पोहोचवला तर चाक चांगलं फिरतं. म्हणून ब्यूशींनी मॅनिफोल्ड अरुंद ठेवलं आणि एकमेकांच्या वाटेत येणाऱ्या सिलिंडरांच्या नळ्या वेगळ्या केल्या.

आजच्या चार सिलिंडर इंजिनातही तेच. फायरिंग ऑर्डर सहसा १-३-४-२ असते. क्रँकच्या दर १८० अंशांना एक सिलिंडर वायू सोडतो, पण प्रत्येकाचा वाल्व्ह त्याहून जास्त वेळ उघडा असतो. म्हणजे पहिल्या सिलिंडरचं काम संपत असताना तिसऱ्याची लाट येऊन त्याच्या तोंडावर आदळू शकते. ज्या गाड्यांत ट्विन-स्क्रोल टर्बो असतो तिथे १ व ४ ची वाट वेगळी आणि २ व ३ ची वेगळी असते, मध्ये बीडाचा पातळ पडदा असतो. 'आडवं येतंय' म्हणून हा पडदा घासून टाकणारे महाभाग आहेत. तो पडदा म्हणजेच त्या टर्बोची किंमत.

आता आकडा बघू. समजा मॅनिफोल्डच्या नळीचा आतला व्यास ३२ मिमी आहे. चारही बाजूंनी फक्त दीड मिमी घासलं की तो ३५ मिमी होतो. ऐकायला किरकोळ. पण वाटेचं क्षेत्रफळ जवळपास २० टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढाच वायू जात असेल तर त्याचा वेग सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. खालच्या आरपीएमला टर्बो उशिरा जागा होतो, म्हणजे ज्या 'लॅग'ला कंटाळून काम हाती घेतलं तो वाढतो. शिवाय ५ मिमीची भिंत साडेतीन मिमीची झाली. कोअर सरकलेला असेल तर एखाद्या बाजूला त्याहून कमी.

म्हणून टर्बो मॅनिफोल्डचा पहिला नियम: नळी मोठी करायची नाही. कडा, उंचवटे, पायऱ्या काढायच्या, बस.

मग फायदा किती होतो?

इथे रील आणि वास्तव यांची फारकत होते. टर्बो गाडीत वायूला सगळ्यात मोठा अडथळा मॅनिफोल्डचा नसतो, टर्बाइनचाच असतो. रस्त्यावरच्या बहुतेक टर्बो गाड्यांत टर्बाइनच्या आधीचा दाब इंजिनात जाणाऱ्या बूस्टपेक्षाही जास्त असतो. मॅनिफोल्डच्या भिंती कितीही गुळगुळीत केल्या तरी तो दाब तिथेच राहतो.

त्यात आधुनिक गाडीचा ईसीयू बूस्ट ठरवून देतो. वायू थोडा मोकळा झाला आणि टर्बो लवकर फिरला, तर ईसीयू वेस्टगेट आधी उघडतो आणि ठरलेल्या दाबावर गाडी आणून ठेवतो. कंपनीच्याच ट्यूनवर चालणाऱ्या गाडीत पोर्टिंगने मिळालं तर थोडं लवकर बूस्ट आणि वरच्या आरपीएमला किंचित मोकळेपणा मिळतो. तोही मुळात कास्टिंग वाईट असेल तरच. ज्या मॅनिफोल्डच्या तोंडाला तीन मिमीची कड आडवी आलीय, तिथे फरक जाणवतो. चांगल्या कास्टिंगला घासून हाताला फक्त फोड येतात.

फरक मोजायचा तर एकच मार्ग: आधी आणि नंतर, त्याच डायनोवर, शक्यतो सारख्याच तापमानात. 'गाडी हलकी वाटते' हे मोजमाप नाही. दोन दिवस खपून बसवलेली गाडी प्रत्येकालाच हलकी वाटते.

आरशासारखी चमक? ती फोटोपुरती. डिझेल गाडीत काही दिवसांत तिच्यावर काजळीचा थर बसतो. ८० नंबरच्या एमरीचा हात फिरला की पुरे.

आधी बॉनेट उघडा

नव्या पेट्रोल टर्बो गाडीच्या मालकाने पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट तपासावी: गाडीत वेगळं मॅनिफोल्ड आहे का? फोर्ड इकोस्पोर्टमध्ये आलेलं १.० इकोबूस्ट किंवा फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय, या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं असतं आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. टर्बो थेट हेडला बसतो. तिथे घरी घासण्यासारखं काही नाही, विषय संपला.

काही डिझेल इंजिनांत उलट प्रकार असतो: मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं घर एकाच तुकड्यात. फोक्सवॅगनच्या टीडीआय इंजिनांत हे पाहायला मिळतं. अशा वेळी आतून घासायचं तर टर्बो पूर्ण उघडावा लागतो, आणि ते पडवीतलं काम नव्हे.

उरल्या त्या वेगळं बीडाचं मॅनिफोल्ड असलेल्या गाड्या, म्हणजे मुख्यतः थोड्या जुन्या डिझेल आणि पहिल्या पिढीतल्या काही पेट्रोल टर्बो. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

काढताना मोडतं ते स्टड

या कामातला सगळ्यात वाईट तास ग्राइंडरचा नसतो, पान्ह्याचा असतो. मॅनिफोल्डचे स्टड वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन गंजलेले असतात आणि जरा जोर लावला की मुळातून तुटतात. हेड ॲल्युमिनियमचं असलं तर तुटका तुकडा काढताना आटे जायची भीती.

दोन-तीन दिवस आधीपासून रोज गंज सोडवणारा स्प्रे मारावा. इंजिन पूर्ण गार असताना, बॅटरीची तार काढून, बाहेरच्या नटांपासून आतल्या नटांकडे थोडं थोडं सैल करत यावं. नट अडला तर पुढे-मागे हलवत सोडवावा, पान्ह्याला पाइप घालून लोंबकळू नये. स्टड तुटलाच तर त्याच्या बुंध्यावर नट वेल्ड करून फिरवण्याची युक्ती उद्यमनगरातला कुठलाही जुना मिस्त्री जाणतो. अशा वेळी स्वतः ड्रिल घालण्यापेक्षा त्याच्याकडे गाडी नेलेली बरी.

टर्बोला ऑइलचे आणि बऱ्याचदा कूलंटचेही पाइप असतात. ते सोडल्यावर प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ कापडाने किंवा टोपणाने बंद करायचं. हेडची एक्झॉस्ट तोंडंही. आत पडलेला एक वॉशर पुढचा सगळा महिना खातो.

जुन्या गाडीचं गॅस्केट खरवडताना सावध राहावं. जुन्या काळच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. कोरडं वायर ब्रश फिरवू नये, पाणी मारून ओलं करूनच खरवडावं.

घासायचं कुठे?

मॅनिफोल्ड व्हाइसमध्ये धरलं की लगेच ग्राइंडर सुरू करायचा मोह होतो. आधी खुणा. हेडच्या तोंडावर जाड कागद धरून तेलकट बोटाने कडेवर दाबलं की तोंडाचा नेमका ठसा कागदावर उमटतो, स्टडच्या भोकांसकट. तो कापून मॅनिफोल्डवर ठेवायचा आणि मार्किंग ब्ल्यू लावून सुईने रेघ मारायची. टर्बोच्या बाजूलाही हेच.

बरेच जण गॅस्केटलाच साचा समजतात. ते चुकीचं आहे, कारण गॅस्केटचं भोक बहुतेकदा दोन्ही तोंडांपेक्षा मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. त्याच्या मापाने घासलं की मॅनिफोल्डचं तोंड विनाकारण मोठं होतं आणि गॅस्केट दाबणारी जागा अरुंद होते. मग फुंकणी सुरू.

कडेचं तत्त्व सोपं आहे. वायू ज्या दिशेने जातो त्या दिशेने पुढची वाट मागच्या वाटेपेक्षा किंचित मोठी चालते, लहान चालत नाही. हेडचं तोंड लहान आणि मॅनिफोल्डचं अर्धा-एक मिमी मोठं असेल तर त्या पायरीला हात लावू नये. उलट येऊ पाहणारी लाट ती थोडी अडवते, उपयोगीच आहे. मॅनिफोल्डची कड हेडच्या वाटेत डोकावत असेल तर मात्र ती काढायची. टर्बोच्या तोंडाशीही तसंच: मॅनिफोल्डचं शेवटचं तोंड टर्बाइनच्या तोंडाएवढं किंवा केसभर लहान.

इथे एक गंमत आहे. मॅनिफोल्डची स्टडची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, टोकाची तर कधी लांबट. ही ढिलाई कारागिराची नाही. ४०० मिमी लांबीचं बीड ७०० अंशांनी तापलं तर जवळपास ३ मिमी लांबतं, आणि हेड एवढं तापत नसल्यामुळे तेवढं लांबत नाही. मॅनिफोल्डला सरकायला जागा हवीच. पण याचा अर्थ असा की केसाच्या जाडीपर्यंत तोंड जुळवायचा अट्टहास व्यर्थ आहे, तापल्यावर ते सरकणारच. एखाद्या मिमीच्या फरकासाठी रात्र जागवू नये.

हत्यार म्हणून पेन्सिल ग्राइंडर आणि टंगस्टन कार्बाइडचा, अंड्याच्या आकाराचा बर पुरतो. बीड कोरडंच कापतं, तेल लागत नाही. लांब दांडीचा बर आतल्या वळणापर्यंत पोहोचतो, पण तो मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने फिरवला तर दांडी वाकून उडू शकते. बर आत घालूनच बटण दाबायचं आणि बाहेर काढण्याआधी बंद करायचं. हात एका जागी थांबवायचा नाही, नाहीतर खड्डा पडतो. नंतर एमरीचा रोल किंवा फ्लॅप व्हील. दर थोड्या वेळाने बोट घालून बघावं, बोटाला जे कळतं ते टॉर्चला दिसत नाही.

किती पातळ करायचं याला 'अंदाजे' हे उत्तर नाही. अल्ट्रासोनिक थिकनेस गेज फौंड्रीच्या क्वालिटी विभागात असतो. ओळखीने पाच मिनिटं मिळाला तर चारही नळ्यांची जाडी खडूने बाहेर लिहून ठेवावी. नाहीच मिळाला तर नळीच्या मधल्या भागाला हात न लावता फक्त दोन्ही तोंडांजवळ, बोटभर आतपर्यंत काम करावं. फायद्याचा मोठा वाटा तिथेच असतो.

डिझेल गाडीत टर्बाइनपाशी वायू ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, पेट्रोल टर्बोत ९०० च्या पुढे. एवढ्या उष्णतेत पातळ झालेली भिंत आधी लाल होते आणि मग तडकते. तडा गेलेलं बीड घरच्या वेल्डिंग मशीनने जोडायला जाऊ नये. आधी सगळा भाग तापवणं, निकेलचा रॉड, नंतर सावकाश थंड करणं, एवढं सगळं करूनही ते टिकेलच असं नाही.

ईजीआरची वाट, सेन्सरचे आटे आणि वेस्टगेटच्या झाकणाची बैठक, या जागांपासून ग्राइंडर लांब ठेवायचा. ईजीआर बंद करणं हा पोर्टिंगचा भाग नाही, तो धुराच्या नियमांचा भंग आहे.

धूळ: ज्याबद्दल रील काही बोलत नाही

फेटलिंगच्या कामाची दुसरी ओळख म्हणजे छातीचे आजार. कास्टिंगला चिकटलेल्या वाळूतली सिलिका वर्षानुवर्षं श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो. कायद्याने नोंद करणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत तो आहे. वापरलेल्या मॅनिफोल्डमध्ये वाळू फारशी उरलेली नसते, पण लोखंडाची बारीक धूळ आणि डिझेलची काजळी भरपूर असते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. ती काजळी ग्राइंडरने उडवून बंद खोलीत ओढायची, याला हौस म्हणता येत नाही.

मॅनिफोल्ड आधी डिटर्जंटच्या पाण्यात धुऊन काजळी काढावी, वाळवावं, मगच घासायला घ्यावं. तोंडाला रुमाल चालत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा. डोळ्यांना बंद बाजूचा गॉगल, कानात बोळे. ओढणी, मफलर, सैल बाह्या काहीच नको. काम उघड्यावर, गाडीपासून आणि पेट्रोलपासून दूर. लहान मुलं आसपास नकोत आणि दोरीवर वाळत घातलेले कपडेही नकोत, कारण लोखंडाच्या चुऱ्याचे डाग पहिल्या पावसात गंजून कायमचे बसतात. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचा विचार केला तर उत्तमच.

एक कण आणि दोन लाख फेऱ्या

वर सांगितलेला आकडा इथे लागतो. मॅनिफोल्डमध्ये राहिलेला लोखंडाचा कीस इंजिन सुरू होताच थेट टर्बाइनकडे जातो. लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यावर तो आदळला की पातं चिरतं, चाकाचा तोल जातो, बेअरिंग जातं आणि पाच आकडी बिल हातात येतं. घरच्या पोर्टिंगने टर्बो जातात ते जास्त घासल्यामुळे कमी आणि नीट न धुतल्यामुळे जास्त.

साबणाचं गरम पाणी, बाटलीचा ब्रश, कॉम्प्रेसरची हवा, मग लोहचुंबक, आणि हे सगळं पुन्हा एकदा. शेवटी पांढरं कापड आतून फिरवावं. ते काळं-करडं निघत असेल तर अजून धुवायचं बाकी आहे.

परत बसवताना

मॅनिफोल्डच्या बैठकीवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक तपासावा. वर्षं झालेली मॅनिफोल्डं वाकलेली असतातच. मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. जास्त वाकलेलं असेल तर उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंगला द्यावं. खरं सांगायचं तर जुन्या गाडीत या एका कामाने होणारा फायदा सगळ्या पोर्टिंगपेक्षा मोठा ठरू शकतो, कारण गळणारा वायू टर्बोपर्यंत पोहोचतच नाही.

गॅस्केट नवीन, तांब्याचे वॉशर नवीन, नट शक्यतो नवीन. जुनं गॅस्केट सिलिकॉन लावून परत बसवू नये. एक तर ते जळतं आणि वर ऑक्सिजन सेन्सरची वाट लावतं. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलच्या मापावर आवळायचे. टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं ताजं इंजिन ऑइल ओतून चाक हाताने फिरवावं. मग इंधन बंद ठेवून इंजिन क्रँक करावं, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर टर्बो सुरू करणं म्हणजे सगळी मेहनत दहा सेकंदांत घालवणं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मॅनिफोल्डच्या आतली कड घासल्याने आरसीवरची कुठली नोंद बदलत नाही. पण त्याच दिवशी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 'मोकळा' केला, सायलेन्सर बदलला किंवा ईसीयू रिमॅप केला की प्रकरण वेगळं होतं. धूर आणि आवाजाची मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. एमएच-०९ ची पाटी असो की दुसरी कुठली, नियम तोच.

वॉरंटीतल्या गाडीचं मॅनिफोल्ड उघडणं म्हणजे इंजिनाच्या पुढच्या प्रत्येक दाव्यावर वाद ओढवून घेणं. विम्याचंही तसंच, केलेला बदल कंपनीला न कळवल्यास दावा अडकू शकतो.

ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर गोष्ट निराळी. कोल्हापूरला रेसिंगची हवा आहे. मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक इथे आहे, ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिक यांच्यासारखे रेसर इथले. पण स्पर्धेतही प्रत्येक वर्गाची नियमावली असते आणि इंजिनातल्या कुठल्या भागाला हात लावायचा हे तिच्यात लिहिलेलं असतं. ग्राइंडर घेण्याआधी ती वाचावी.

मशीनने करून घेता येतं का?

जगात याचा एक वेगळा मार्ग आहे. कणीक मळल्यासारख्या पोताचा, आत अपघर्षक कण असलेला लगदा दाबाने कास्टिंगमधून आरपार ढकलायचा. जिथे वाट अरुंद तिथे तो आपोआप जास्त घासतो, जिथे हात पोहोचत नाही तिथेही जातो. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या फोर्डच्या एसव्हीटी कंटूर या गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड कंपनीतच या पद्धतीने घासून यायचं. एका गाडीसाठी हे परवडण्यासारखं नाही, पण हाताने केलेल्या कामाची तुलना कशाशी होते ते यावरून कळतं.

पहिल्या आठवड्यात काय बघायचं?

गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं हाताच्या तेलाचा, ग्रीसचा धूर येतो, तो घाबरण्यासारखा नाही. थंड इंजिनावर, सुरू केल्याबरोबर 'टक-टक' किंवा 'फुस-फुस' असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो कमी होत असेल तर गॅस्केटमधून वायू निसटतोय. बूस्ट उशिरा येणं, शिट्टीचा सूर बदलणं, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागणं याही खुणा. पहिले दोन-चार दिवस गाडी जोरात ताणू नये. मग इंजिन पूर्ण गार करून, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर नट पुन्हा टॉर्कला लावून बघावेत, आणि हेड व मॅनिफोल्डच्या सांध्यावर टॉर्च मारावा. काजळीची काळी रेघ दिसली तर सांधा तिथे गळतोय, आणि मॅनिफोल्ड परत खाली काढावं लागणार.